लंगडा स्पेक्ट्रम

गेल्या दिवाळीआधी माळा आवरायला काढला. 'काढला' म्हणजे आईने काढायला लावला. दोन पितळी हंडे, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराची कधीच न उघडलेली लेमन सेटची खोकी, माझी दहावीची गाईडं, आणि सगळ्यात मागे सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं. हातात घेतल्याबरोबर कळलं आत काय आहे. वजनच ओळखीचं होतं.

आमचा स्पेक्ट्रम!

नवीन मंडळींसाठी थोडं सांगतो. (जुन्या मंडळींनी, म्हणजे ज्यांनी कॅसेटवरून गेम लोड केलेत त्यांनी, पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.) इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या माणसाने १९८२ साली झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. सामान्य घराला परवडावा हा त्याचा हट्ट. पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि साठवण म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. मेमरी ४८ केबी. आज मोबाईलवर येणारा एक 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्यात बसायचा नाही. १९८४ मध्ये त्याचीच जरा दणकट आवृत्ती आली, स्पेक्ट्रम प्लस. रबरी बटणांच्या जागी कडक प्लास्टिकची बटणं, मोठी काळी पेटी, डाव्या बाजूला रिसेटचं बटण, आणि पोटाखाली मागच्या बाजूला दोन घडीचे पाय. पाय उघडले की पेटी टाइपरायटरसारखी पुढे उतरती व्हायची. हाच स्पेक्ट्रम प्लस १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आपल्याकडे आणला. त्याचं इथलं नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'.

अण्णांनी तो १९८७ साली पुण्याहून आणला. सोसायटीचं कर्ज काढून. त्या वेळी आमच्या गल्लीत फ्रिज दोनच घरांत होता, त्यामुळे 'ह्यो मास्तर कॉम्प्युटर घिऊन काय करनार' हा प्रश्न बरेच दिवस चर्चेत होता. आईलाही तोच प्रश्न होता. फक्त तिने तो जरा शुद्ध भाषेत विचारला.

असो. तर बोचकं सोडलं. पेटी उलटी केली. डावा पाय होता. उजवा नव्हता.

उजवा कसा गेला हे मला पक्कं माहीत होतं. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. आमचं घर नदीकडच्या उतारावर. २००५ ला पायरीपर्यंत आलेलं पाणी या वेळी आत शिरणार हे संध्याकाळीच दिसलं. मग खालच्या कपाटातलं हाताला लागेल ते वर. लाईट गेलेली, जिना ओला, आणि माझ्या काखेतून स्पेक्ट्रम निसटला. तो सापडला, पण त्याचा पाय सापडला नाही. नंतर महिनाभर घरातला गाळ काढताना मी वेड्यासारखा बोटभर काळा प्लास्टिकचा तुकडा शोधत होतो. लोकांची घरंदारं गेलेली असताना असल्या तुकड्यासाठी हळहळायचीही लाज वाटत होती. म्हणून चादरीत गुंडाळून वर टाकला.

आता तो दुरुस्त करायचा असं ठरवलं. आणि एका पायाच्या निमित्ताने बरंच काही वाचलं, विचारलं, आठवलं. ते लिहावं म्हणून ही पोस्ट. (लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.)

सुरुवात भांड्यांपासून करतो. आमच्या लहानपणी मोडलेली वस्तू म्हणजे टाकायची वस्तू हे समीकरण नव्हतं. पितळी भांड्याला भोक पडलं की त्याला डाक लावून आणायचा. कल्हईवाला दारात यायचा. धातूचं एक बरं असतं. तो वितळतो, पुन्हा घट्ट होतो, आणि त्याला जोड देणारा माणूस प्रत्येक पेठेत असतो.

मग घरात प्लास्टिक आलं. पहिलं आलं ते बेकलाइट. लिओ बेकलँडने १९०७ साली शोधलेलं. दिव्यांची काळी बटणं, होल्डर, जुने रेडिओ, जुना जड काळा टेलिफोन, कुकरचं हँडल, सगळं त्या घराण्यातलं. बेकलाइटचा स्वभाव पोळीसारखा. एकदा भाजली की भाजली, पुन्हा कणीक होत नाही. साच्यात उष्णता आणि दाब देऊन ते एकदा घट्ट झालं की पुन्हा कितीही तापवा, ते करपेल पण वितळणार नाही. म्हणून कुकरचं हँडल तुटलं की नवंच आणायचं, त्याला जोड नाही.

त्यानंतर आली ती बादल्या-टपांची प्लास्टिकं. त्यांचा स्वभाव मेणासारखा. तापवलं की मऊ, गार झालं की घट्ट. ती आली आणि कल्हईवाल्याचा एक नवाच चुलतभाऊ गल्लीत फिरू लागला. तुमच्यापैकी किती जणांना आठवतोय माहीत नाही, पण 'फुटकी बादली सांधायचीऽऽ' अशी आरोळी देत तो यायचा. त्याच्याकडे एक शेगडी, एक लोखंडी पट्टी आणि पोतंभर रंगीबेरंगी फुटकं प्लास्टिक. तडकलेली बादली दिली की तो आधी पोत्यातून त्याच जातीचा तुकडा शोधायचा. मग तापलेल्या पट्टीने चिरेची दोन्ही तोंडं आणि वरचा तुकडा एकदम वितळवून दाबायचा. काळा धूर, घाण वास, आणि निळ्या बादलीवर हिरवं ठिगळ. दिसायला अगदी वाईट, पण ठिगळ सुटायचं नाही.

त्या माणसाला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण 'जोड त्याच मालाचा पाहिजे' हा पहिला नियम त्याला पाठ होता. बादलीच्या प्लास्टिकला खुर्चीचं प्लास्टिक धरत नाही. दोन्ही वितळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि गार झाल्यावर टचकन सुटतं.

संगणकांच्या पेट्या बहुतेक करून एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या. हे १९५० च्या दशकात बाजारात आलं. लेगोचे ठोकळे १९६३ पासून याचेच बनतात. त्यात तीन घटक असतात आणि त्यातला एक, ब्युटाडाइन, हा रबराचा प्रकार. कडक प्लास्टिकमध्ये विखुरलेले हे रबराचे बारीक कण धक्का सोसतात, म्हणून एबीएस पडलं तरी सहसा फुटत नाही. पण नवं असताना. वर्षं गेली की ऊन आणि हवेतला ऑक्सिजन आधी त्या रबरालाच गाठतात. रबर कडक होतं, धक्का खायला कुणी उरत नाही, आणि एके काळी टेबलावरून पडूनही न फुटलेली पेटी चाळिशीनंतर स्क्रू पिळला तरी तडकते. (माणसाच्या गुडघ्याचंही तसंच, असं आमचे डॉक्टर म्हणतात.)

फिकट रंगाच्या पेट्यांना आणखी एक दुखणं. त्या पिवळ्या पडतात. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना काढली आणि इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक शाळांना दिले. पुढे अशा यंत्रांची संख्या देशभरात बारा हजारांवर गेली. ज्यांच्या शाळेत तो होता त्यांना आठवेल. खिडक्यांना पडदे लावलेली खोली, चपला बाहेर, एका यंत्राभोवती सहा-सात पोरं, आणि बटणाला हात लावायची पाळी आली की तास संपायचा. ती सायीच्या रंगाची पेटी आज कुठे दिसली तर जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी दिसते. कारणांत एबीएसचं म्हातारपण आहे, आणि आग लागू नये म्हणून त्यात मिसळलेल्या ब्रोमीनच्या संयुगांकडेही बोट दाखवतात. २००८ साली जुन्या संगणकांच्या शौकिनांनी त्यावर एक उपाय काढला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पेटी उन्हात ठेवायची. रंग खरोखर परत येतो. पण काही वर्षांत पुष्कळदा पुन्हा पिवळा पडतो. केसांच्या कलपासारखंच. आणि नेमकं हेच रसायन कलपातही असतं!

आमचा स्पेक्ट्रम काळा, त्यामुळे या भानगडीतून सुटला. प्रश्न पायाचाच होता.

आता वाटेल, एवढासा पाय, नवा का बनत नाही? इथेच खरी मेख आहे. अशी पेटी इंजेक्शन मोल्डिंगने बनते. पोलादाच्या डायमध्ये वितळलेलं प्लास्टिक जोराने सोडायचं, काही सेकंदांत पाय तयार. पण ती डाय बनवायला खर्च आणि महिने लागतात. पन्नास हजार पाय काढायचे असतील तर प्रत्येक पाय पैशांत पडतो. एकच काढायचा असेल तर त्या एका पायाच्या किमतीत घर सारवून निघेल. १९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीला विकला. पुढे स्पेक्ट्रम बनायचाच थांबला. वस्तू बनायची थांबली की तिच्या डायला कुणी सांभाळत नाही. आणि डाय गेली की पन्नास हजारांतला प्रत्येक पाय एकुलता एक होतो.

पण कोल्हापूर हे एकुलत्या एक वस्तूंचं गाव आहे. मी अभिमानाने वगैरे म्हणत नाहीये (बरं, थोडं म्हणतोय). इथल्या कारागिरीचा पायाच तो आहे. आपल्याकडे बीडाचं ओतीव काम वाळूच्या साच्यात होतं. लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि पोकळीत रस ओतायचा. साचा दर वेळी मोडायचाच असतो. त्यामुळे एकच नग हवा असेल तरी चालतं. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींकडे लोक परदेशी यंत्राचा तुटका भाग पोत्यात घालून आणायचे आणि आठवड्याने नवा घेऊन जायचे. आज जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत, त्यांचा माल जगभर जातो, पण मुळाशी हेच आहे. तुटकं समोर ठेव, माप घे, तसंच कर.

या गुणाचं आपल्या गावातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बाबूराव पेंटर. त्यांचं मूळ आडनावच मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाने झपाटलं. कॅमेरा विलायती, आणणार कुठून? त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर घेतला. त्यावर लोकांना सिनेमे दाखवता दाखवता यंत्र समजून घेतलं, आणि त्या अभ्यासावर स्वतःचा कॅमेरा जुळवायला बसले. विचार केला तर किती सरळ गोष्ट आहे. प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकमेकांचे आरशातले भाऊ. फिल्म एकेक चौकट पुढे सरकवणारी, क्षणभर थांबवणारी यांत्रिक करामत दोन्हीकडे तीच. एकातून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. पण सरळ गोष्ट दिसायला आधी यंत्र उघडून त्याच्यासमोर बसावं लागतं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून ते पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. तेच दामले पुढे फत्तेलाल, शांताराम वगैरे मंडळींबरोबर १९२९ मध्ये प्रभात काढतात. म्हणजे प्रभातच्या तुतारीमागेही कुठेतरी जुन्या बाजारातला एक प्रोजेक्टर आहे.

थोडं पलीकडे बेळगावात पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सुरू केलं ते सायकलींचं दुकान, विक्री आणि दुरुस्ती. १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, ते लोखंडी नांगर, ते पंप सगळं नंतरचं. आपल्याकडच्या उद्योगांचा इतिहास लिहिताना आपण कारखान्याच्या उद्घाटनापासून सुरुवात करतो. मला वाटतं, सुरुवात पुष्कळदा त्याआधी कुणीतरी काहीतरी उघडून ठेवलेल्या टेबलापासून होते.

तर आमचं टेबल.

पहिला प्रयोग मी फार पूर्वीच करून फसलो होतो. पेटीच्या आतला एक स्क्रूचा खांब तडकला होता, तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवला. हा गोंद १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडला. सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी तेव्हा तो बाजूला ठेवला, आणि १९५८ मध्ये तो गोंद म्हणूनच बाजारात आला. तो ओढ चांगली सोसतो, पण धक्का आणि पीळ सोसत नाही. स्क्रू पिळला की खांब पुन्हा हातात. त्यावर एक तोडगा आहे. चिरेत खाण्याचा सोडा भुरभुरायचा आणि वर गोंदाचा थेंब सोडायचा. सोडा अल्कधर्मी, त्यामुळे गोंद क्षणात दगड होतो आणि खड्डाही भरून निघतो. (वाफ नाकात जाऊ देऊ नका, आणि बोटं जपा.) खांबाला हे चाललं. पायासारख्या हलत्या भागाला चालणार नव्हतं.

एबीएससाठी खरा जोड ॲसिटोनचा. पेटीच्या आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंब टाकून पाहायचा. प्लास्टिक चिकट झालं तर ते विरघळणाऱ्यातलं. माझं झालं. मग त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत घालायचा, मधासारखा लगदा होतो. तो दोन्ही तोंडांना लावून दाबून ठेवायचं. ॲसिटोन उडून जातं आणि मागे प्लास्टिकच उरतं. दोन तुकडे एक होतात, मध्ये गोंद नावाचा तिसरा कुणी राहत नाही. बादलीवाल्याचाच नियम, फक्त शेगडीशिवाय. मी चुऱ्यासाठी एका मेलेल्या बटणांच्या टेलिफोनची पेटी किसली. आतल्या बाजूला 'एबीएस' असा छाप होता म्हणून.

पण जोडायला तुकडा तर हवा! तो पुरात गेलेला. म्हणजे नवा पाय करणं आलं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मित्राकडे थ्रीडी प्रिंटर. म्हटलं डाव्या पायावरून माप घेऊ. व्हर्नियर कॅलिपर मागायला गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते चाळीस वर्षं फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. आता कंबर धरलीय, पण हात तसाच. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "श्रिंकेज किती धरलंयसा?"

मी म्हणालो, "काका, ते बीडाला. हे प्लास्टिक आहे, कॉम्प्युटरवर काढायचं."

"तापवून गार करनार न्हवं? मग आकसनार. बीड शंभराला एक आकसतं. तुमचं काय आसंल ते आसंल, पर आकसनारच."

आम्ही दोघं सुशिक्षित हसलो आणि पाय छापून आणला. बिजागरीची खुंटी भोकात डगडग हलत होती. आकसली होती! एबीएस शेकड्याला अर्धा-पाऊण आकसतं. पायाच्या लांबीत ते कळतही नाही, पण खुंटीला तेवढंही पुष्कळ. दुसरा पाय माप वाढवून काढला. काकांनी आणखी एक सांगितलं, लाकडाचा पॅटर्न करताना नस बघून करतात, जोर जिथे येतो तिथे नस आडवी आली की मोडतो. थ्रीडी प्रिंटरचंही अगदी तसंच. तो थरावर थर चढवत जातो आणि दोन थरांमध्येच तुटतो. पाय उभा छापला तर काडीसारखा मोडणार, आडवा छापला तर थर लांबीने जाणार. तिसरा पाय आडवा छापला. तो बसला. 'खट्' असा आवाज झाला, जो मी पस्तीसेक वर्षांपूर्वी शेवटचा नीट ऐकला होता.

आणि आता मुख्य गोष्ट. इतका वेळ टाळत होतो.

माप घ्यायला डावा पाय काढला तेव्हा त्याच्यावर सांधा दिसला. मुळाशी आडवी चीर, त्यावर वितळलेल्या काळ्या प्लास्टिकचा ओबडधोबड वण, आणि वणात तिरपे बसवलेले तांब्याच्या बारीक तारेचे तीन टाके. हल्ली गाड्यांचे बंपर असेच तापलेल्या तारेचे टाके घालून सांधतात. अण्णांनी हे १९८८ च्या मे महिन्यात सोल्डरिंग आयर्नने केलं होतं. तार बहुतेक कुठल्यातरी जळक्या मोटरच्या वाइंडिंगमधली.

सांध्याचं काळं प्लास्टिक बाकीच्या पायासारखंच दिसत होतं. तीच चमक, तोच रंग. अण्णांना त्या काळी कोल्हापुरात त्याच मालाचा तुकडा मिळाला कुठून? हे कोडं मला पेटी उघडल्यावर सुटलं. आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा एका बरगडीचा नखाएवढा तुकडा ब्लेडने सरळ कापून घेतलेला होता. पेटीचंच प्लास्टिक घेऊन पेटीच्याच पायाला जोड. बादलीवाला त्यांनीही पाहिलेला होता.

मी ती कापलेली बरगडी बघत बराच वेळ बसून राहिलो. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हाताचं काहीतरी इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बघायला मिळावं, अशी अपेक्षा नव्हती.

तो पाय कसा मोडला याची घरातली अधिकृत हकिगत अशी. मे महिन्याची सुट्टी, आत्या आलेली, आणि आतेभावाने स्पेक्ट्रमवर जोर देऊन पाय मोडला. त्याला आत्याच्या दोन बसल्या. तो रडून रडून 'मी नाही केलं' म्हणत होता. नंतर गप्प झाला. ती सुट्टी संपेपर्यंत तो यंत्राजवळ आला नाही. आणि नंतरच्या सुट्ट्यांत आमच्याकडे यायचंच त्याने कमी केलं.

पाय मी मोडला होता. कॅसेटवरून गेम लोड व्हायला पाच मिनिटं लागायची, आणि शेवटच्या क्षणी 'आर टेप लोडिंग एरर' यायचं. त्या दिवशी ते तिसऱ्यांदा आलं. मी दोन्ही हातांनी पेटीवर दणका दिला. पाय उघडे होते. डावा गेला. आतेभाऊ त्या वेळी शेजारी बसून भेळ खात होता. मोठी माणसं आली तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बोललो काहीच नाही. तेवढं पुरलं.

एक गोष्ट मात्र आता, सांधा हातात घेतल्यावर लक्षात येते. संध्याकाळी अण्णा दुरुस्तीला बसले तेव्हा त्यांनी मला बोलावलं, आतेभावाला नाही. टाके घालून झाल्यावर पाय माझ्या बोटांत दिला. "पुरता गार होईपर्यंत धरून बस. हलवलास तर जोड धरायचा नाही." प्लास्टिक गार व्हायला दोन मिनिटं पुरतात. त्यांनी मला अर्धा तास बसवलं. समोर पेपर वाचत बसले. एक अक्षर बोलले नाहीत.

संग्रहालयात जुन्या वस्तू सांभाळणारे लोक म्हणतात की दुरुस्ती शक्यतो परत काढता यावी अशी करा, आणि आधीच्या दुरुस्त्याही वस्तूच्या इतिहासाचा भाग माना. भाचा म्हणाला, मामा, डावा पण नवीन छापू, दोन्ही सारखे दिसतील. प्रिंटर आहेच, फाईल आहेच. मी नको म्हणालो. डावा पाय आहे तसाच राहील, टाक्यांसकट. तो सांधा पस्तीसहून जास्त वर्षं टिकलाय, २०१९ ला जिन्यावरून पडूनही सुटला नाही. गेला तो धडधाकट उजवा. उजवा नवा आहे, जवळून बघितलं तर थरांच्या रेघा दिसतात. मी त्या घासून काढल्या नाहीत. कुणी पुढे उघडून बघितलं तर कुठला पाय कधीचा हे कळावं.

संगणक चालू होतो का, असं विचाराल. बटणांखालचा पापुद्रा वयाने कडक होऊन मोडलाय. या यंत्रांचं ते नेहमीचंच दुखणं. सुदैवाने शौकीन मंडळी तो अजून नव्याने बनवतात. मागवला आहे. तो बसला की बघू.

आतेभाऊ पुण्यात असतो आणि हा ब्लॉग वाचतो, अधूनमधून शुद्धलेखनाच्या चुकाही काढतो. आत्याही वाचते, नातीकडून मोठ्याने वाचून घेते. तर आत्या, त्या दोन माझ्या होत्या. आणि तू, पुढच्या सुट्टीत ये. पापुद्रा आला की पहिली कॅसेट तू लाव. भेळ मी आणतो.